उजव्या कोपऱ्यातला ठिपका

भाईंदरच्या एका थिएटरात मी मॅनेजर होतो आणि माझं मुख्य काम माफी मागण्याचं होतं. तिकिटांची खिडकी, झाडूवाले, मध्यंतरातले समोसे ही सगळी किरकोळ कामं. खरी कला माफीची. कारण नवा चित्रपट आमच्याकडे पोचायचा तो जगभर फिरून, थकूनभागून. तोवर शेजारच्या पूनम सागर वसाहतीतल्या बायका त्याच्या गाण्यांवर दोन-तीन लग्नांत नाचून मोकळ्या झालेल्या असायच्या. प्रिंटवर इतके ओरखडे की वाळवंटातल्या प्रसंगातसुद्धा पडद्यावर पाऊस पडायचा. एकदा तर शेवटचं रीळच आलं नाही. मी पडद्यासमोर उभा राहिलो आणि शेवट तोंडी सांगितला. हीरो कसा येतो, खलनायक कसा लोळतो, आई कसे डोळे उघडते. आई मी स्वतः करून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको तेव्हा बाल्कनीत होती. ती म्हणते, टाळ्या चार माणसांच्या होत्या आणि त्यातल्या दोन डासांसाठी होत्या.

या ओरखड्यांचा डॉक्टर वर केबिनमध्ये असायचा. आमचा ऑपरेटर. वय पन्नाशीच्या पुढे, गाव पाली, जवळच्याच किनाऱ्यावरचं ख्रिस्ती कोळ्यांचं. सगळं थिएटर त्याला अंकल म्हणायचं. घरची होडी होती, भाऊ, चुलते, मेहुणे सगळे समुद्रावर जाणारे. पण अंकलला होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. दोन वेळा खाडीत आणि एकदा तर किनाऱ्यालाच बांधलेल्या होडीत. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि हा माणूस आमच्या थिएटरात आला. तिथे जे पाय घट्ट रोवले, ते सव्वीस वर्षं हलले नाहीत.

त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. चित्रपट एका रिळात मावत नाही. म्हणून केबिनमध्ये शेजारी शेजारी दोन मशीन. एकावरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं, तेही असं की खाली बसलेल्याला पत्ता लागू नये. रीळ संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका. तो दिसला की दांडा ओढायचा. आमच्याकडे भिंतीतल्या दोन्ही झरोक्यांवर लोखंडी झडपा होत्या, एकाच दांड्याला जोडलेल्या. दांडा ओढला की एक झडप पडते, दुसरी उघडते. झालं. अंकल हे एका शोमध्ये सोळा-सतरा वेळा करायचा, आणि मधल्या वेळात माझ्याशी गप्पा. नजर मात्र सतत पडद्यावर. मी सव्वीस वर्षांचा हिशोब करायला गेलो नाही, पण त्या माणसाच्या हाताला ठिपका डोळ्यांच्या आधी दिसत असावा.

आणि मग एका दुपारी आमचे शेठ डिजिटलची बातमी घेऊन आले.

शेठ गुजराती, मनाने चांगले, पण नव्या वस्तूच्या बाबतीत लहान मुलासारखे. "देख भाई," ते मला म्हणाले, "अब रीळ-बीळ कुछ नहीं. पिक्चर उपर सॅटेलाइटमधून येणार. मुंबईत शुक्रवारी, आपल्याकडे पण शुक्रवारी."

"आणि अंकल?"

"अंकलला आराम. बटन दाबायचं काम आहे. वॉचमन पण दाबेल."

मी हे वर जाऊन अंकलला सांगितलं. तो मशीनच्या चाकाला तेल घालत होता. घालतच राहिला, जरा जास्तच घातलं. मग म्हणाला, "त्या डिजिटलमध्ये रंग न्हाय हाय. मी बोरिवलीला बघून आलो. माणसं पाण्यात बुडल्यासारखी दिसतात."

"कधी बघितलंत?"

"बघितलं न्हाय. भावोजी बोलला."

तेव्हापासून थिएटरात दोन पक्ष पडले. समोसेवाला डिजिटलच्या बाजूने, कारण शुक्रवारी गर्दी होणार. तिकीटवाला प्रिंटच्या बाजूने, कारण तो कशाच्याही बाजूने असला तरी शेठच्या विरुद्धच असायचा. अंकल म्हणायचा, फिल्ममधला काळोख खरा काळोख असतो, त्यात खोली असते. डिजिटलचा काळोख म्हणजे राखाडी चादर. शेठ म्हणायचे, काळोख बघायला लोक तिकीट कशाला काढतील, तो घरी फुकट मिळतो. मी मॅनेजर असल्याने दोघांनाही हो म्हणायचो. पण मनातून मी अंकलचा होतो. या वयात केबिनमधून उतरून तो जाणार कुठे? समुद्रावर तर नाहीच.

म्हणून मी शेठच्या डोक्यात सामन्याची कल्पना भरली. रविवारी सकाळी फुकट खेळ ठेवायचा. मध्यंतरापर्यंत जुनी प्रिंट, मध्यंतरानंतर तोच चित्रपट डिजिटलवर. लोक काय म्हणतात ते बघायचं आणि मग ठरवायचं. शेठना सामने आवडायचे. ते म्हणाले, "मंजूर. पब्लिक बोलेल ते."

पब्लिक काय बोलेल याची व्यवस्था मी केली. मी पालीला गेलो आणि अंकलच्या मेहुण्याच्या टेम्पोत अख्खा मोहल्ला भरून आणायचं ठरवलं. सूचना सोपी होती: पहिल्या अर्ध्यात टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात शिट्ट्या. अडचण एकच, रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा. शेवटी ठरलं की सगळे पहाटेची मिस्सा करून येतील. त्यामुळे माझी हुल्लडबाज टोळी आली ती इस्त्रीच्या शर्टांत, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, हातात रुमाल घेऊन. मध्यभागी अंकलची बायको, आमची आंटी. जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीतली मंडळी त्यांच्या मागे बसली आणि विचारू लागली, इथे कुणाचं लग्न आहे का.

कंपनीकडून एक मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या, चटपटीत, लॅपटॉप घेऊन. त्यांनी दोन नंबरचं मशीन बाजूला सरकवून त्या झरोक्यासमोर आपलं डिजिटल मशीन बसवलं. अंकलला अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "काका, इंटर्व्हलनंतर तुम्ही निवांत बसा. कशालाच हात लावू नका, प्लीज."

"न्हाय लावत," अंकल म्हणाला.

पहिला अर्धा भाग झकास गेला. एकाच मशीनवर चालवायचं म्हणून दर रिळानंतर जरा थांबावं लागत होतं, तरी माझी टोळी प्रत्येक रिळाला टाळ्या वाजवत होती. एका चुलत्याने तर रिकाम्या पडद्यालाही वाजवल्या. मध्यंतर झालं, समोसे संपले, झडप बदलली आणि डिजिटल सुरू झालं.

माझी टोळी शिट्ट्या विसरली. पाऊस नव्हता हो पडद्यावर. एकही ओरखडा नाही. हीरोच्या शर्टाची शिवण दिसत होती. काळोख थोडा राखाडी होता हे अंकलचं म्हणणं खरं होतं, पण बाकी सगळं असं लख्ख, की आंटी मोठ्याने म्हणाली, "आगं, हिच्या गालावर तीळ हाय." मी मागे वळून डोळे वटारले. ती म्हणाली, "हाय तर हाय. मी काय करू."

आणि ऐन रंगात पडदा काळा झाला.

आवाज चालू, चित्र गायब. माझ्या टोळीला आपलं काम आठवलं. अशा शिट्ट्या उठल्या की बाहेर रिक्षावाले थांबले. शेठ उभे राहिले. "बस," ते म्हणाले, "नहीं चाहिए अपने को." मी मनातल्या मनात नाचत, चेहऱ्यावर दुखवटा ठेवत, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत केबिनमध्ये पोचलो.

मॅडम लॅपटॉपवर वाकल्या होत्या. "पण इथे पिक्चर चालू आहे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. केबल काढत होत्या, घालत होत्या. लॅपटॉपवर खरोखरच चित्रपट मजेत चालला होता. अंकल भिंतीपाशी उभा. त्याचा हात दांड्यावर होता, आणि तो त्या हाताकडे असा बघत होता जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. एक नंबर मशीनची मोटर रिकामीच घरघरत होती.

मग माझ्या लक्षात आलं. डिजिटलच्या झरोक्यावर झडप पडली होती.

"ठिपका आला," अंकल पुटपुटला. "मी ओढला."

मॅडमची आमच्याकडे पाठ होती. मी अंकलला कोपऱ्यात घेतलं आणि कानात म्हटलं, "गप्प राहा. झडप हळूच वर करा. शेठ खाली नको म्हणतायत. मशीन परत जाईल, तुम्ही राहाल."

त्याने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत माझ्याकडे बघून बोलल्याचं मला आठवत नाही, नेहमी पडद्याकडे बघून बोलायचा.

"आणि बाई?"

"त्यांचं काय?"

"कंपनीत तिला कोण विचारील, का बंद पडलं? ती काय सांगेल? तिचं मशीन तर चालू हाय." त्याने दांडा सोडला. "मॅनेजर, आज मी लपवलं, तर उद्या मशीनपाशी मला मीच उभा राहू देणार न्हाय."

मी आणखी काही बोलायच्या आत तो जिना उतरला. मी मागे. हॉलमधले दिवे लागले होते. अंकल सरळ शेठसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्या पालीसमोर म्हणाला, "शेठ, मशीन ठीक हाय. बंद मी केलं. सवयीने."

मॅडम तेवढ्यात खाली पोचल्या होत्या. त्या रागावतील असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "कसला ठिपका?"

"उजव्या कोपऱ्यात. तुमच्या पिक्चरमध्येसुद्धा हाय."

"शक्य नाही. मी दोन महिने हीच फाइल दाखवतेय."

अंकलला आणि मला घेऊन त्या पुन्हा वर गेल्या, झडप उघडली आणि चित्रपट मागे नेला. वर आम्ही आणि खाली सगळा हॉल डोळे फाडून बघत राहिलो. तोच प्रसंग आला आणि कोपऱ्यात ठिपका चमकला. काही सेकंदांनी दुसरा. कंपनीने डिजिटल फाइल एका जुन्या प्रिंटवरूनच बनवली होती, आणि प्रिंटबरोबर तिचे ठिपकेही उचलले होते. मॅडमला ते कधीच दिसले नव्हते, कारण त्यांचं लक्ष चित्राकडे नाही, लॅपटॉपवरच्या आकड्यांकडे असायचं.

"अजून काय दिसलं तुम्हाला?" त्यांनी अंकलला विचारलं. या वेळी काका वगैरे नम्रपणा नव्हता, खरा प्रश्न होता.

अंकल जरा घुटमळला. "मध्यंतरापासून सगळ्यांची डोकी वरून कापलीयत. डावीकडे फोकस मऊ हाय. आणि हॉल भरलेला हाय, माणसं आवाज पितात, तर आवाज दोन घर चढवायला पायजे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच बोललात, हात लावू नका. मी तोंडपण न्हाय लावलं."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मशीन सरकवलं, अंकल झरोक्यातून बघून सांगत गेला, अजून जरा वर, बस, आता डावीकडे. पडद्यावर हीरोला डोकं आलं. हिरॉईनच्या तिळाला धार आली. आवाज चढला आणि मागच्या रांगेतल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, जे कशालाच चांगलं म्हणत नाहीत, मान हलवली. पालीने शिट्ट्या वाजवल्या. या मी शिकवलेल्या नव्हत्या.

खेळ संपल्यावर शेठनी मॅडमना बाजूला घेतलं. "बटन तो वॉचमन भी दबाएगा ना?"

"बटण कोणीही दाबेल," मॅडम म्हणाल्या. "पण बघणार कोण? आमचा माणूस आठवड्यातून एकदा येणार. रोज बघायला तुमचा माणूस लागेल. यांना आठ दिवस आमच्याकडे पाठवा, बाकीचं मी शिकवते. आणि तिथे असताना यांनी आमच्या फाइली बघून दिल्या तर आमचंच भलं होईल."

शेठ अंकलकडे वळले. "शिकेगा?"

अंकलने पडद्याकडे बघितलं. पडदा रिकामा होता, तरी बघितलं. "शिकतो," तो म्हणाला. "पण एक नंबर मशीन केबिनमध्ये राहील."

"क्यूं?"

"जुना पिक्चर कधी लावावासा वाटला तर. काळोख बघायला."

शेठनी लगेच हो म्हटलं. नंतर मला कळलं की ते मशीन बाहेर काढायला भिंत फोडावी लागली असती.

आठ दिवसांसाठी गेलेला अंकल दहा दिवसांनी आला, खिशात पेन आणि वहीभर आकृत्या घेऊन. महिनाभरात डिजिटल बसलं आणि त्या शुक्रवारी आमच्याकडे पहिल्यांदा तोच चित्रपट लागला जो मुंबईत त्याच सकाळी लागला होता. हाउसफुलचा बोर्ड गोदामात सापडेना, म्हणून मी पुठ्ठ्यावर हाताने लिहिला.

दुपारच्या खेळाला मी केबिनमध्ये डोकावलो तर अंकल नव्हता. मशीन आपलं आपण चालू. खाली धावलो. तर शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, आंटीच्या शेजारी बसलेला. मी कानात विचारलं, हे काय. तो म्हणाला, "इथून फोकस बरोबर दिसतो. मॅडमने सांगितलंय, अधूनमधून हॉलमध्ये बसून बघायचं. मी एवढी वर्षं पिक्चर दाखवलं, बसून एकपण न्हाय बघितलं हिच्यासोबत."

"आणि आता बघतोय तर बडबडतोय," आंटी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मॅनेजर, तुम्ही पण बसा न्हायतर जा. मागच्यांना दिसत न्हाय."

मी बसलो.