दुसऱ्या शनिवारच्या सुया

मी फार बोलत नाही, म्हणून माझ्याजवळ किस्से जास्त आहेत. बोलणाऱ्यांचे सांगून संपतात. माझे तसेच पडून राहतात आणि वरून नवीन येतच असतात.

हे सगळे जमले एका बाकावर. वर्ध्याच्या एका दवाखान्यात दर दुसऱ्या शनिवारी लहान मुलांची शुगरची ओपीडी असते. लहान मुलांनाही शुगर होते. मला चौदाव्या वर्षी झाली. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी पोटावर इन्सुलिनचं इंजेक्शन.

माझी अडचण आधीच सांगून टाकते. मला दहावीनंतर वर्ध्याच्या होस्टेलवर राहून सायन्स करायचं होतं. होस्टेलच्या मॅडम म्हणाल्या, "इंजेक्शन मुलीनं स्वतः घ्यायचं, आम्ही देणार नाही." आणि मला स्वतःला टोचताच येत नव्हतं. रोज बाबा टोचायचे. बाबांची अट साफ होती, "ज्या दिवशी आपल्या हातानं टोचशील, त्या दिवशी फॉर्म भरू."

* * *

बाबांनाही आधी शिकावंच लागलं. ओपीडीतल्या माया सिस्टर त्यांना म्हणाल्या होत्या, "सिरिंजमध्ये साधं पाणी घ्या आणि घरी संत्र्यावर हात बसवा." तेव्हा संत्र्यांचा सिझन नव्हता. आईनं वांगं दिलं.

अल्लीपूरला आमचं किराणा दुकान आहे. चार दिवस बाबा गल्ल्यावर बसून वांग्याला टोचत होते. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय करून राह्यले जी?"

"प्रॅक्टिस."

पाचव्या दिवशी आईनं त्याच वांग्याचं भरीत करायला घेतलं. गॅसवर ठेवल्याबरोबर त्याच्यातून चारी बाजूंनी बारीक बारीक फवारे सुटले.

आई बघत राहिली आणि म्हणाली, "बसला तुमचा हात!"

* * *

उन्हाळ्यात माझी इन्सुलिनची बाटली दुकानातल्या कोल्डड्रिंकच्या फ्रिजमध्ये असते. एकदा एक माणूस घामाघूम होऊन आला. फ्रिजच्या काचेतून त्याला ती दिसली.

"हे लहानी कोणती आहे जी? नवीन आली का?"

बाबा म्हणाले, "ते पोटात टोचून घ्या लागते."

त्यानं थोडा विचार केला.

"मंग ताकच द्या."

* * *

बाकावर माझ्या शेजारी साक्षी बसते. ती गिरडची, माझ्याच वयाची. तिचे बाबा, शेषरावकाका, गावात साप पकडतात. कोणाच्याही घरात निघाला की काकांना बोलावणं येतं. मात्र साक्षीचं रक्त तपासायला घेतात तेव्हा काका ओपीडीच्या बाहेर जाऊन उभे राहतात, आणि तेही पाठ करून.

माया सिस्टरनी एकदा त्यांना गाठलंच. "काका, नागाले भेत नाई अन् एवढ्याशा सुईले भेता? उद्या साप चावला त इंजेक्शनच घ्या लागते!"

काका शांतपणे म्हणाले, "म्हणून त चावू देत नाई."

* * *

साक्षी बापावर गेली नाही. ती स्वतः टोचते आणि कुठेही टोचते.

एकदा दवाखान्यात येताना त्यांची बस हिंगणघाट स्टँडवर उभी होती. साक्षीला भूक लागली. तिनं डबा मांडीवर ठेवला आणि आधी सिरिंज भरली. कंडक्टर बेल मारणार तेवढ्यात त्याला सुई दिसली.

"हे का करून राह्यली, बाई?"

"इन्सुलिन घेतो. गाडी हलली त सुई वाकडी जाते."

कंडक्टरनं दोरी सोडली, सगळ्या गाडीकडे तोंड केलं आणि ओरडला, "कोणी हलू नका! पोट्टी सुई घेऊन राह्यली!"

अख्खी गाडी थांबली. म्हणजे ती उभीच होती, पण आता माणसंही थांबली. समोरच्या सीटवरचे एक म्हातारबुवा फुटाणे खात होते, ते तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. साक्षी म्हणते, सुईची नाही, पण त्या शांततेची तिला भीती वाटली.

तिनं सुई काढली. कंडक्टरनं डबल बेल दिली आणि म्हातारबुवांकडे वळून म्हणाला, "चावा आता, बाबाजी!"

* * *

साक्षीच्या आईनं गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नवस बोलला होता, की पोरीची शुगर आटोक्यात आली तर पेढे वाटीन. शुगर आली आटोक्यात. काकूंनी टेकडीवर पेढे वाटले. नवस साक्षीच्या नावाचा, म्हणून ज्यानं पेढा घेतला त्यानं त्यातला तुकडा मोडून पहिले तिलाच भरवला. नाही कसं म्हणणार?

पुढच्या ओपीडीला साक्षीच्या शुगरच्या वहीतले त्या दिवशीचे आकडे बघून माया सिस्टरनी वही मिटली. मग म्हणाल्या, "काकू, यापुढचा नवस फुटाण्यांचा बोला."

* * *

आता माझं. दर ओपीडीला सिस्टर विचारायच्या, "आज तू टोचतेस का?" मी खाली बघून म्हणायची, "पुढच्या वेळी."

साक्षी म्हणाली, "तुयी पुढची वेळ कोणत्या गाडीनं येऊन राह्यली? मी केव्हाची वाट पाहून राह्यली!"

घरी मी प्रयत्न करायची. सिरिंज भरायची, पोटाजवळ न्यायची आणि तिथंच थांबायची. आमच्याकडे माझं इंजेक्शन झाल्याशिवाय कोणी जेवत नाही. बाबा ताटासमोर, आई ताटासमोर, आणि दोघंही माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसलेले.

एकदा आई म्हणाली, "दोनदा गरम केलं वरण. आता तिसऱ्यांदा केलं त त्याचं पिठलं होईल."

शेवटी बाबा माझ्या हातातून सिरिंज घ्यायचे. मला बरं वाटायचं. आणि होस्टेल अजून एक दिवस लांब जायचं.

* * *

फॉर्म द्यायला चारच दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी बाबा दुकानातून आले ते उजव्या हाताला जाड पट्टी गुंडाळून, हात गळ्यात अडकवून.

"का झालं?" मी विचारलं.

"डाळीचा कट्टा उचलताना मुरगळला."

आईचा प्रश्नच नव्हता. तिनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "मी सैपाक करीन, सुई नाई."

मी सिरिंज भरली. बाबा म्हणाले, "आण, डाव्या हातानं पाहू जमते का."

त्यांनी ती डाव्या हातात धरली. सुई आधी माझ्याकडे आली, मग भिंतीकडे गेली, मग आईकडे. आई उठून उभी राहिली.

"द्या इकडे," मी म्हणाले.

घेतली आणि टोचली. दहापर्यंत आकडे मोजले. काढली.

आईनं वाढलं. बाबा डाव्या हातानं, चमच्यानं जेवले.

सकाळी उठले तर बाबा ओट्यावर बसून होस्टेलचा फॉर्म भरत होते. माझं नाव, गाव, शाळा, सगळं त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात. 'काही आजार असल्यास' समोर लिहिलं होतं, 'शुगर आहे. मुलगी स्वतः इंजेक्शन घेते.'

मी विचारलं, "हात कसा आहे, बाबा?"

"अजून ठणकून राह्यला," बाबा म्हणाले. पेन खाली न ठेवता त्यांनी मला दुसरा हात दाखवला.

पट्टी डाव्या हाताला होती.