रिकाम्या खोलीला वर्दी

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझी बदली बदनापूरला झाली. शेजारच्या खोलीत बाजा विणणारे एक काका एकटेच राहत. संध्याकाळी आले, की कुलूप लावलेल्या आपल्याच दारासमोर ते खाकरत, जरा थांबत आणि मग किल्ली काढत. मला हसू यायचं. रिकाम्या खोलीला कसली वर्दी!

एकदा विचारलंच. बाजेचा सुंभ ओढत ते म्हणाले, "निजामाच्या राज्यातून पळून आम्ही वऱ्हाडात, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात राहायचो, मास्तर. तिथून आमच्याच गावचा करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा नाका जाळायला गेल्तो. बिलकुल आवाज करायचा न्हाई, असा हुकूम होता. वाटेत नाक्याजवळच माझं घर लागलं. दारात खाकरूनच आत जायची सवय. खाकरलो."

"मंग?"

"मंग काय! बायकोनं आवाज ओळखला, धाडकन कडी काढली. नाक्यावरचे शिपाई जागे झाले, गोळ्या सुटल्या, आम्ही पळालो. कॅम्पात लई दिवस कुणी बोललं न्हाई माझ्याशी." त्यांनी गाठ आवळली. "निजाम गेला, मी घरी आलो, तवर ती देवाघरी गेल्ती. पण कडी किती जल्दी काढली, मास्तर! रोज दाराशीच बसत असंल."

पुढं माझं लग्न झालं. काकांचं बघून मलाही दारात खाकरायची सवय लागली होती. एका संध्याकाळी काका असेच खाकरले. मी आलो असं वाटून माझ्या बायकोनं आतून आमच्या दाराची कडी काढली. अंगणातून मी बघत होतो. काका किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. कडी वाजली त्या दाराकडं मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.