बंदुकीबद्दल गावाचं मत

आमच्या गावात बंदूक एकच, आणि ती आमच्या घरी. पीकसंरक्षणाचा परवाना बाबांच्या नावावर आहे. ती टांगलेली असते आईच्या खाटेच्या बरोबर वर. माझ्या आठवणीत ती एकदाही उडालेली नाही, काडतुसं तर कधीचीच सर्दावली. रानडुकरांना हे कळलं असावं, गावाला अजून कळलेलं नाही.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा ती चादरीत गुंडाळून एसटीने घेऊन जातात. तेवढेच दिवस आई स्वतःच्या खाटेवर निजते. एरवी तिचं अंथरूण स्वयंपाकघरात. "डोक्शावर मरण टांगून झोप येते काय?" म्हणते.

गेल्या निवडणुकीत डुकरांनी आमची तूर आडवी केली. पारावर सगळे म्हणाले, "बंदूक गावात असती तं डुकरं आले नसते." त्याच्या आदल्या वर्षी बंदूक घरीच होती आणि तूर तेवढीच आडवी झाली होती. तेव्हा हेच लोक म्हणाले होते, "बंदूक व्हती म्हणून एवढ्यावर भागलं." मी दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर ठेवल्या. शाळामास्तराला शेतीतलं काय कळते, असं एकमताने ठरलं.

मग बंदूक ठाण्यातच असताना परवान्याचं नूतनीकरण निघालं आणि ठाण्याचा बीट जमादार गावाचं मत घ्यायला येणार असं कळलं. त्या सकाळी आई मला म्हणाली, "तुले इचारलं तं नको म्हण. मले कोणी इचारत नाही घरात." मी हो म्हटलं.

ओसरीवर जमादाराने एकेकाला विचारलं. "आधार आहे साहेब," जो तो म्हणाला. कशाचा, ते त्याने विचारलं नाही. ज्याचं अख्खं वावर डुकरांनी खाल्लं होतं, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. माझी पाळी आली. बाबा माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. चहा आला होता, सगळे माना हलवत होते.

"आधार आहे," मी म्हणालो. लाजेची गोष्ट ही, की तेवढा वेळ मला ते खरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी बंदूक ठाण्यातून परत आली. बाबांनी ती फडक्याने पुसून जागेवर टांगली. आई खाली वाकून खाटेवरचं अंथरूण गुंडाळत होती. मी उचलायला पुढे झालो.

"राहू दे," ती म्हणाली. "तुह्यापेक्षा डुकरं बरे. ते तरी त्या बंदुकीले भेत नाही."