आखूड पायांची खुर्ची

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी सिस्टरला फसवलं, आणि सिस्टरच्या तोंडून माझ्या नातीला. हे आधी सांगते, मग सिस्टरबद्दल.

अहमदपुरात जुन्या सामानाचं दुकान मी एकटीनं उभं केलंय. भावात मी कुणाला ऐकत नाही. जवळच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, म्हणजे याच सिस्टर, लहान खुर्ची बघायला आल्या आणि घासाघीस न करता म्हणाल्या, "मावशी, भाव तुम्ही म्हणाल तो. पाय तेवढे चार बोटं कापून द्या."

मी चिडले. "सागवान हाय बाई. चांगल्या खुर्चीला लंगडी करू का?"

"लेकराचे पाय भुईला टेकले पाहिजेत. पाय लोंबकळले की लेकरू बोलत न्हाई."

काय बोलायचं असतं, ते पुढच्या वर्षी कळलं. जवळच्याच माणसानं माझ्या आठ वर्षांच्या नातीवर हात टाकला.

सिस्टरच्या खोलीत एक स्क्रीन होता. त्यावर पुण्याच्या डॉक्टरबाई यायच्या, अशाच लेकरांचं काम करणाऱ्या. दारावर पाटी मात्र 'डोळे तपासणी', गावानं चौकशी करू नये म्हणून. स्क्रीनवर जिथं आपला चेहरा दिसतो, तिथं सिस्टर चिकटपट्टी लावायच्या. आपलंच तोंड बघत लेकरानं सांगू नये. नातीला म्हणाल्या, "जमंल तेवढंच सांग, बाळा. पुन्हा पहिल्यापासून कुणी विचारणार न्हाई."

दोन भेटींत तिनं अर्धं सांगितलं.

तिसऱ्या भेटीआधी साहेबांनी दुरुस्तीच्या नावाखाली सिस्टरची सही घेतली आणि स्क्रीन नेला. तो आता त्यांच्या मीटिंगच्या हॉलमध्ये आहे. सिस्टरनी विचारलं, तर बदली थेट हिमायतनगरच्या पलीकडं. जाताना दुकानात आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मावशी, सही मीच केली. पोरीला तोंड कसं दाखवू?"

"सही करताना डोळे कुठं गेलते?" मी म्हणाले. रागच तसा माझा. त्या उठल्या. नंतर त्यांचा फोन कधी लागला नाही.

नातीला शहरात नेलं. तिथं तीन टेबलांवर तीन माणसं, आणि प्रत्येकाचं एकच, "पहिल्यापासून सांग." ती बोलायचीच थांबली.

मागच्या महिन्यात दवाखान्याचं भंगार मी उचललं. त्यात मी पाय कापून दिलेली ती खुर्ची निघाली. नात आली, तिच्यावर बसली, पाय टेकवले आणि दाराकडं बघत राहिली.

खुर्ची विकायची नाही. साहेब, तुम्ही या. तिच्यासमोर भुईवर बसा आणि सांगा, राहिलेलं अर्धं या पोरीनं कुणाला सांगायचं?