तांड्याने न दिलेली मंजुरी

आसेगावकडच्या एका तांड्यावर मदनसिंग राहतो. साठी ओलांडलेला, ऊसतोडीने कंबर मोडलेला, पण कुठे भांडण लागलं की लोक आधी त्यालाच बोलावतात.

तांड्याचं मसणवट नाल्यापलीकडे. तिकडे जायची कोरडी वाट शेजारच्या गावाच्या शिवारातून जाते. गावाने ती बाभळीच्या काट्या टाकून बंद केलेली, कारण तांडा आपल्या तलावावर गावची गुरं येऊ देत नव्हता. मदनसिंगाने उन्हाळाभर गावच्या सरपंच मारोतरावांच्या ओसरीवर चकरा मारल्या आणि समझोता घडवून आणला. तांड्याला वाट, गुरांना पाणी. दोघांनी सह्या केल्या. पण दोन्ही ग्रामसभांनी मंजुरी दिल्यावरच हे लागू होईल, ही अट मदनसिंगानेच घालायला लावली.

"माह्या सहीनं मी एकटा बांधला जातो, मारोतराव. तांडा थोडीच बांधला जाते? उद्या कोनी म्हनन, आमाले इचारलं कोनं?"

सोयाबीन निघालं की सभा घ्यायच्या, असं ठरलं. त्याआधीच भादव्यात त्याची बायको धुरपताबाई तापाने गेली. वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकली नाही.

नाला फुगलेला होता, म्हणून तिरडी गावच्या वाटेने आणली. काट्यांपाशी मारोतराव हात जोडून उभे होते, मागे गावची माणसं.

"मदनसिंग, माही सही हाय, पन सभा झाली नाई. आज मी काट्या काढल्या त हे लोक भडकतीन. मंग मंजुरी कधीच भेटनार नाई. आता तूच सांग, काय करू?"

मदनसिंगाचा मुलगा विनोद तिरडी खांद्यावर असतानाच ओरडला, "बाबा, तुमी बाजूले व्हा. मी पाह्यतो काट्याइकडे!"

मदनसिंगाला वाटलं, आपणच पुढे व्हावं आणि हातांनी काट्या उपसाव्यात. मग मागून येणारी तांड्यातली म्हातारी माणसं त्याला दिसली. आज भांडण झालं, तर त्यांनाही ही वाट कधी मिळणार नव्हती.

"फिरवा," तो म्हणाला. "नाल्यातून जाऊ."

पाणी छातीला लागत होतं. मधेच एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि धुरपताबाईचा हात कापडातून सुटून पाण्यात लोंबला. विनोदने तो धरला आणि काठ येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसानंतर तो बापाशी बोलला नाही.

गावच्या सभेत मारोतरावांनी त्याच प्रेताचा दाखला देऊन लोकांना गप्प केलं. मंजुरी झाली. राहिला तांडा.

तांड्याच्या सभेत शेजारचा किसनसिंग सगळ्यांत आधी उठला. "आमच्या काकीले पान्यातून नेलं त्याइनं, आन् आमी त्याइच्या ढोराइले पानी पाजावं? काहून?"

लोक "बराबर, बराबर" म्हणाले. मदनसिंग उभा राहिला.

"माही त गेली. तिच्यासाठी नाई मांगून राह्यलो मी. तुमच्या घरात बी म्हातारी मानसं हायेत. गावानं हो म्हटलं, आता आपन हो म्हनलं की वाट आपली झाली. नाई म्हनलं, त त्याइच्या मंजुरीचा बी काई उपेग नाई."

हात वर करायला सांगितलं. मदनसिंगाने केला. दोन-तीन बायांनी केला. त्याने विनोदकडे पाहिलं. विनोद जमिनीकडे बघत होता, हात मांडीखाली दाबून. ठराव पडला.

हिवाळ्यात, नाल्यात अजून कंबरभर गाळ असतानाच, किसनसिंगची आई अंथरुणाला खिळली. तो मदनसिंगाच्या दारात येऊन उभा राहिला, आत येईना.

"काका, तो समझोता चालू करता येते का? मी सही करतो. पाह्यजे त माफी मांगतो."

"तुह्या सहीनं काय होते, बापू? सभेनं नाई म्हटलं."

तरी मदनसिंग काठी घेऊन मारोतरावांकडे गेला. त्यांनी चहा ठेवायला सांगितला, पण मान हलवली. "आता गावात इषय काढला त मले बी हाकलतीन. तुमी नाई म्हटलं, ते त्याइच्या जिवाले लागलं."

"मंग नवा लिहू."

"कोन मंजूर करन त्याले?"

चहा आला, त्यावर साय धरली. बाहेर गावची गुरं कोरड्या हौदाभोवती हंबरत होती. मारोतराव दोनदा उठून आत जाऊन आले. मदनसिंग बसूनच राहिला. परत जाऊन किसनसिंगला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.