पक्कडचे एकतीस मेमो

पक्कड हे त्याचं टोपणनाव. धरलेलं सोडायचा नाही, म्हणून पडलेलं. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात आम्ही दोघं एकोणीस वर्षं गोणीखात्यात समोरासमोर उभे होतो. गोणी फोडायची, मिक्सरमध्ये रिकामी करायची, मग तीन वेळा झाडायची. पाळीला दोनशे गोण्या. दोन झटक्यांत भागवणारा माणूस पक्कडनं शेजारी कधी टिकू दिला नाही. आणि सगळ्यात जास्त धूळ उडायची ती तिसऱ्या झटक्याला.

कामात तो चोख, पण तोंडाला लगाम नाही. ही धूळ छातीत जाते, असं तो साहेबांना, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरना, तोंडावर सांगायचा. त्याबद्दल त्याला मेमो मिळायचे. एकूण एकतीस. बाकीचे लोक मेमो फाडून टाकत. मला एकही मिळाला नाही. मी तोंड उघडलंच नाही. पक्कडनं मात्र प्रत्येक मेमो गादीखाली सपाट ठेवला. वहिनी म्हणायच्या, "लोक गादीखाली पैसे ठेवतात, आमचे हे शिव्या ठेवतात."

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली. मालकानं दुसरीकडे दुसरा कारखाना काढला. बावीस वर्षांनी पक्कडच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी कारण लिहून दिलं: ॲस्बेस्टॉस. कंपनी उरली नव्हती, पण तिचा विमा ज्यांच्याकडे होता ते विमेवाले होते. त्यांच्यावर भरपाईचा दावा लावला. त्यांचं उत्तर आलं: हजेरीपट वाळवीनं खाल्ले, हा माणूस गोणीखात्यात होता याचा पुरावा नाही; शिवाय धूळ घातक आहे हे तेव्हा कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. साक्षीला त्यांनी साहेबांनाच उभं करायचं ठरवलं.

पक्कडनं गादी उचलली.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर. चढायला त्याला पंचवीस मिनिटं लागली, पाच ठिकाणी बसला. वर विमेवाल्यांचा वकील वाटच बघत होता. मेमोंच्या प्रती त्याच्या हातात पडल्या होत्या.

"आजोबा, अर्धी रक्कम आजच घ्या. साहेबांचं वय झालंय, त्यांना कशाला त्रास?"

"आणि मी काय काल जन्मलो?" पक्कड म्हणाला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, घेऊन टाका. औषधांचं तरी भागेल."

"पैसे नकोत असं नाही. आधी साहेबानं हे मेमो वाचायचे. मोठ्यानं."

 वहिनी वकिलाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? मोठ्यानं."

आमच्या वकीलबाईंनी चौदावा मेमो साहेबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं: "धूळ घातक असल्याची सबब सांगून, तोंडाला फडकं बांधून गोणीखात्यात काम केल्याबद्दल व इतर कामगारांत घबराट पसरवल्याबद्दल तुम्हाला सक्त ताकीद देण्यात येत आहे."

"सही कुणाची?" वकीलबाईंनी विचारलं.

साहेब पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही," पक्कड बसल्या जागेवरून म्हणाला. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला दटावलं. पण साहेबांना पुन्हा सांगावंच लागलं.

"माझी."

निकाल त्याच दुपारी लागला. पूर्ण रक्कम मंजूर. बाहेर आलो तर साहेब जिन्याशी थांबलेले.

"अरे, मला वरून हुकूम होता," ते म्हणाले. "फडकी काढायला लावा, असं मालकांनीच सांगितलं होतं."

"मग तसं लिहून द्या. मालकाचं नाव घालून."

"आता काय उपयोग त्याचा?"

"मालकाचा दुसरा कारखाना चालू आहे. आणि मी अजून मेलो नाही."

साहेबांनी खिसे चाचपले. पेन नाही म्हणाले. वहिनींनी पर्समधून काढून दिलं. ते पायरीवर बसले, गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागले.  कागदाखाली धरायला त्यांना कुणी काही दिलं नाही.

पक्कडनं कागद दोनदा वाचला. दम घेतला. मग कागद परत त्यांच्यापुढे धरला.

"तारीख राहिली."