चाचणी कोणी केली

वापीजवळच्या मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. प्रयोगशाळा म्हणजे एक एसी, धागा ताणून तोडणारं एक यंत्र, एक वजनकाटा आणि एक जुना कॉम्प्युटर. धागा किती ताणल्यावर तुटतो ते बघायचं आणि तो चांगला असल्याचा दाखला छापायचा, एवढंच आमचं काम. पूर्वी दाखले हाताने भरायचे. मग मी आलो आणि सुधारणा केल्या.

कॉम्प्युटरवर एक फुकट मिळणारा एडिटर होता. दिसायला अगदी साधा, मजकूर लिहायचा आणि साठवायचा. पण त्यात आपण स्वतः फंक्शनं लिहून त्याला हवी ती कामं शिकवू शकतो. धुळ्याला डिप्लोमा करताना मी हे थोडंसं शिकलो होतो, आणि थोडंसं येत असलं की माणसाला दम धरवत नाही. दोन महिन्यांत मी चाळीस फंक्शनं लिहिली. त्यांतली तीस कोणी मागितली नव्हती.

एडिटरला स्वतःला बाहेरचं काहीच कळत नाही. किती वाजले ते तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, फाइल ठेवायला फोल्डर तिच्याकडून करून घेतो, छापायचा कागदही तिच्याच हवाली करतो. माझं लाडकं फंक्शन तिला विचारायचं, आत्ता कॉम्प्युटरवर कोण आहे? ती लॉगइनचं नाव सांगायची, आणि दाखल्याच्या तळाशी ‘चाचणी घेणार’ या शब्दांपुढे ते आपोआप छापलं जायचं. पूर्वी तिथे सही असे, आणि कोणाचीही सही कोणीही ठोकत असे. मॅनेजरसाहेब वापीहून येतात, आमच्याशी हिंदीत बोलतात. त्यांना हे दाखवताना मी छाती फुगवून म्हणालो होतो, “साहब, आदमी झूठ बोल सकता है, ये नहीं बोलेगा.” साहेबांना ते वाक्य फार आवडलं.

प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला माझ्यासोबत एक ताई आहेत. मूळच्या सुरगाण्याकडच्या, आमलीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात, आठ वर्षं कंत्राटावर आहेत. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या येतात. वजनकाटा, यंत्र आणि कॉम्प्युटर यांना अगरबत्ती ओवाळतात आणि कॉम्प्युटर बंद असला तर स्वतःच्या लॉगइनने उघडतात. त्यांच्या हाताने उघडला की दिवस सुरळीत जातो, असा सगळ्यांचा समज. मी असलं काही मानत नाही, पण त्या येईपर्यंत मीही बाहेर चहा पीत थांबायचो.

एकदा उघडलेला कॉम्प्युटर मग आठवडा आठवडा तसाच राहायचा. कारण नवीन लॉगइन केलं की माझी चाळीस फंक्शनं लोड व्हायला चार मिनिटं लागत, आणि त्या चार मिनिटांत लोक मला शिव्या घालत. म्हणून मीच भिंतीवर कागद चिकटवला होता, ‘कृपया लॉगआउट करू नये’. खाली माझी सही. त्यामुळे तिन्ही पाळ्यांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी कॉम्प्युटरवर ताईच बसलेल्या असत आणि सगळ्या दाखल्यांवर त्यांचंच नाव येई. हे प्रयोगशाळेत सगळ्यांना दिसत होतं. पण चांगल्या धाग्याला कोणाचंही नाव चालतं.

यंदा कंत्राटातल्या सहा जणांना कायम करायचं ठरलं. यादीत ताईंचं नाव होतं. कायम झाल्या की त्या मुलीला नाशिकला मावशीकडे न पाठवता इथेच कॉलेजात घालणार होत्या. हे त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला सांगितलं, आणि मी ताईंकडे पेढे मागून ठेवले.

रविवारी प्रयोगशाळेत दिवसा एकच माणूस असतो, तो म्हणजे मी. त्या रविवारी एक लॉट आला. नियमाने दहा बॉबिनींचा धागा तोडून बघायचा असतो. मी चार बघितल्या, सहांचे आकडे अंदाजाने लिहिले. घरी भरताचा बेत होता आणि मेहुणा आला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढच्या सोमवारी तो लॉट सुरतहून परत आला. मागावर चढवला की तुटत होता. साहेबांनी दाखला मागवला, तळाचं नाव वाचलं आणि आम्हा दोघांना बोलावलं.

ताई म्हणाल्या, “सर, संडे को तो मैं आतीच नहीं.”

हजेरीच्या मशीनमध्ये रविवारी माझंच कार्ड होतं. पण रविवारची ड्यूटी आपसात बदलायची आणि कार्ड मात्र मूळ माणसाचं मारायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. साहेबांना ती पाठ होती.

“बेन, कार्ड तो कोई भी मारता है,” ते म्हणाले. “ये कॉम्प्युटर का है. ये झूठ नहीं बोलता.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईंनीही बघितलं. एक शब्द बोलायचा होता आणि त्यासाठी भरपूर वेळ होता.

मी म्हणालो, “सर, मैं फंक्शन चेक करता हूँ.”

मंगळवारी मी फंक्शन चेक केलं. त्यात काही चूक नव्हती. त्याने विचारलं होतं कॉम्प्युटरवर कोण आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्याकडची नोंद बघून खरं ते सांगितलं होतं. तरी मी ते पुन्हा लिहायला घेतलं. बुधवारी दुपारपर्यंत ते इतकं सुरेख झालं की मी ते तीनदा चालवून बघितलं. त्याच दुपारी कायम करायच्या लोकांची यादी मुंबईच्या ऑफिसला गेली. तिच्यात पाच नावं होती.

गुरुवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. एडिटर काय करतो, ऑपरेटिंग सिस्टिम काय करते, लॉगइनचा माणूस आणि खुर्चीतला माणूस वेगळा कसा असू शकतो, हे मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. गेटवरचा वॉचमन वहीत जे नाव आहे तेच सांगणार, आत कोण फिरतंय ते तो बघायला जात नाही, असंही सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तो संडे को टेस्ट किसने किया?”

“मैंने.”

मला लेखी ताकीद मिळाली. यादीचं विचारलं तर साहेब म्हणाले, “वो तो गई. बेन का अगले साल देखेंगे.”

खाली आलो तेव्हा ताई यंत्रावर धागा लावत होत्या. मी सगळं सांगितलं, यादीचंही.

“ठाऊक होतं भाऊ,” त्या म्हणाल्या. “संडेला तुम्हीच असता ना.”

“मग साहेबांसमोर बोलल्या का नाही?”

“तुम्ही बाजूलाच उभे होते. म्हटलं, बोलतील आता.”

त्यांनी बटण दाबलं आणि धागा तुटेपर्यंत आकड्यांकडे बघत राहिल्या. मला इतकी लाज वाटली की मी भिंतीवरचा माझा सहीचा कागद काढायला गेलो. चिकटपट्टी जुनी होती, अर्धाच निघाला.

जूनमध्ये त्यांची मुलगी नाशिकला मावशीकडे गेली. ताई अजूनही सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, अगरबत्ती ओवाळतात, कॉम्प्युटर उघडतात. नवीन फंक्शन ऑपरेटिंग सिस्टिमला नाव विचारत नाही. ते समोरच्या माणसालाच विचारतं. दाखला छापायला गेलं की पडद्यावर येतं, ‘चाचणी कोणी केली?’ आणि नाव लिहिल्याशिवाय काही पुढे सरकत नाही.

कधी कधी माझं लक्ष नसतं, किंवा हात जरा थांबतो. मग ताई यंत्रावरची नजर न काढता म्हणतात, “भाऊ, तुम्हाला विचारतंय.”